चित्रकाराची चाळीस वर्षं

कलामहाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं उरकली की एक वाद हमखास उकरला जातो: चित्रकाराने स्वतःच्या कारकिर्दीचं नियोजन करावं की करू नये? सर जे. जे. कलामहाविद्यालयाला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, अभ्यासक्रम स्वतः आखायची मुभा आली, आणि हा प्रश्न आता नुसता कट्ट्यावरचा उरलेला नाही. एक बाजू म्हणते की खऱ्या कलावंताने बाजाराकडे पाठ फिरवून काम करावं, बाकीचं काळ बघून घेईल. दुसरी बाजू म्हणते की ते दिवस गेले. आता लांबून ओळखू येईल अशी शैली पकडा, रोज काहीतरी समाजमाध्यमांवर टाका आणि तिशीच्या आत एखादी मोठी गॅलरी गाठा. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरलेली असते की नियोजन म्हणजे प्रसिद्धीचं आणि किमतीचं नियोजन. सगळा घोळ या गृहीतकात आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. चित्र कोणतं काढायचं, कोणत्या शैलीत, ते कुणाला आवडेल, याचं नियोजन करू नये. केलं तर काम मरतं, हे पहिल्या बाजूचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण त्या चित्राभोवती जे जे असतं, म्हणजे रोजचे कामाचे तास, जागा, पोटापाण्याची सोय, साहित्याचा दर्जा, नोंदी, कायदेशीर हक्क, साठवण आणि शेवटी मृत्युपत्र, त्याचं नियोजन बावीस-तेविसाव्या वर्षापासून, निदान चाळीस वर्षांचा पल्ला धरून करायला हवं. हे न केल्यामुळे आपल्याकडे किती काम संपलं, हरवलं, बुरशीने खाल्लं किंवा वारसांनी रद्दीत घातलं याचा हिशेब कुणाकडे नाही. हिशेब नाही, कारण त्या कामाची नोंदच नव्हती.

नियोजनाच्या विरोधात सगळ्यात आधी नाव येतं वासुदेव गायतोंडे यांचं. ते येणं साहजिक आहे. जे.जे.तून १९४८ साली बाहेर पडलेला हा माणूस पुढे दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकटा राहिला, वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करायचा, लोकांत मिसळायचा नाही. ते २००१ मध्ये गेले. २०१३च्या डिसेंबरात मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं १९७९चं एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेलं आणि पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकन प्रदर्शन झालं. मग कुठे होतं नियोजन? माझ्या मते, ते होतं आणि अतिशय कडक होतं. वर्षाला पाच-सहा कॅनव्हास म्हणजे बाकीच्या सगळ्या गोष्टींना ठाम नकार. लग्नसमारंभ, समित्या, फर्माइशीची कामं, गर्दीतली ऊठबस, यातलं काहीही त्यांनी आपल्या वेळात शिरू दिलं नाही. १९६४ साली मिळालेली रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन ते न्यू यॉर्कला गेले, मुंबईत त्यांच्यामागे पंडोल गॅलरी उभी राहिली. वेळेचं इतकं काटेकोर नियोजन करणारा दुसरा चित्रकार आपल्याकडे शोधावा लागेल. आणि ज्या बाबतीत नियोजन नव्हतं, तिथे काय झालं? त्या २३.७ कोटींमधला रुपयाही त्यांना दिसला नाही.

दुसरं नाव व्हॅन गॉगचं. आयुष्यात एखाददुसरं चित्र विकलं गेलं, उपाशीपोटी रंगवत राहिला, मग जगाने डोक्यावर घेतलं, ही कथा आपल्याकडे कलाशिक्षकही सांगतात. या कथेतून दोन माणसं गाळली जातात. थिओ हा भाऊ दरमहा पैसे पाठवत होता, आणि १८८४ मध्ये खुद्द व्हिन्सेंटने प्रस्ताव मांडला की हे पैसे मदत समजू नयेत, त्या बदल्यात चित्रं थिओच्या मालकीची व्हावीत. हा सरळसरळ करार आहे. थिओ १८९१च्या जानेवारीत गेला आणि त्याची तरुण विधवा योहाना तान्ह्या मुलासह शेकडो चित्रं घेऊन उभी राहिली. तिने विक्रीची हिशेबवही ठेवली, कुठलं चित्र कुणाला द्यायचं आणि कुठलं कधीच विकायचं नाही हे ठरवलं, १९०५ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात मोठं प्रदर्शन घडवलं, १९१४ मध्ये पत्रं छापली, आणि सूर्यफुलांचं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीकडे गेलं ते १९२४ साली. तेहतीस वर्षांचं हे काम आहे. काळाने आपोआप न्याय दिला असं जे म्हणतात ते एका बाईच्या तेहतीस वर्षांच्या श्रमांवर बोळा फिरवतात. व्हॅन गॉगच्या बाबतीत नियोजन झालंच नाही असं नाही, ते दुसऱ्या कुणीतरी केलं. प्रत्येकाला योहाना कुठून मिळणार?

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात अल्बर्ट-लास्लो बराबाशी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगभरातल्या सुमारे पाच लाख कलाकारांच्या प्रदर्शनांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निष्कर्ष कटू आहे: ज्यांची पहिली काही प्रदर्शनं प्रतिष्ठित संस्थांमध्ये झाली ते पुढेही तिथेच राहिले, आणि ज्यांची सुरुवात परिघावर झाली त्यांतले बहुतेक काही वर्षांत प्रदर्शनांच्या नकाशावरून नाहीसे झाले. मग चाळीस वर्षांच्या गोष्टी कशाला? पहिल्या पाच वर्षांत योग्य दारं ठोठावली की झालं, असं कुणी म्हटलं तर त्याला उडवून लावता येणार नाही. ओळखीपाळखी, इंग्रजी बोलता येणं, मुंबई-दिल्लीत राहणं परवडणं, याचा प्रभाव प्रचंड आहे आणि तो नाकारणं हा अप्रामाणिकपणा ठरेल. अमळनेर किंवा सावंतवाडीहून आलेल्या मुलाला हे पहिल्या वर्षातच कळतं.

पण हा अभ्यास नेमकं काय सांगतो ते पाहा. परिघावरून सुरुवात करणाऱ्याची पहिली अडचण टिकून राहण्याची आहे. तो नाहीसा होतो तो बहुतेकदा चित्रकला संपली म्हणून नव्हे. भाडं, घर, नोकरीची वेळ आणि न विकलेल्या कॅनव्हासचा ढीग यांखाली काम थांबतं म्हणून. ज्याच्या नशिबी वेगवान सुरुवात नाही त्याला लांबचं नियोजन अधिक लागतं. अलिगढला जन्मलेल्या झरीना हाश्मी यांनी कागद आणि लाकूडठशांत आयुष्यभर काम केलं, न्यू यॉर्कमध्ये शिकवून उदरनिर्वाह केला. व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाच्या भारतीय दालनात त्या आल्या २०११ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, आणि लॉस एंजेलिसच्या हॅमर संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकन झालं २०१२ साली. तोवर काम चालू राहिलं होतं, जपलं गेलं होतं, म्हणून दाखवायला काहीतरी होतं.

पोटापाण्याच्या प्रश्नाकडे आपण अजून लाजत बघतो. नोकरी करणारा चित्रकार अर्धा चित्रकार, असं अजूनही बोललं जातं. सुधीर पटवर्धन १९७५ ते २००५ ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. त्यांची ठाणे-उल्हासनगरची, कामगारांची, इराणी हॉटेलातली माणसं याच तीस वर्षांत उभी राहिली. भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते, बडोद्यात अर्धवेळ हिशेब लिहीत. प्रभाकर बरवे १९६१ पासून दोन दशकं सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. नोकरीने त्यांचं काम बिघडलं का? उलट महिन्याचा पगार असल्यामुळे कुठलंही चित्र विकण्यासाठी काढावं लागलं नाही. प्रश्न नोकरी कोणती, हा आहे. माझ्या मते तीन कसोट्या लावाव्यात: ती ठरलेल्या वेळेला सुटते का, डोळे आणि हात थकवते का, आणि तिच्यातून सलग दोन-तीन महिने कधी सुटता येतं का. या कसोटीवर जाहिरात संस्थेतली नोकरी सहसा नापास होते. तिथे जी दृश्यबुद्धी खर्च होते तीच संध्याकाळी लागते. शाळेतली चित्रकला शिक्षकाची नोकरी पगाराने लहान वाटते, पण तिला उन्हाळ्याची सुट्टी असते.

आकडे मांडून बघितले तर हे लगेच पटतं. समजा, तीन बाय चार फुटांचा कॅनव्हास साठ हजारांना लावला. संग्राहक दहा टक्के सवलत मागतो, ती मिळते. उरले चोपन्न हजार. गॅलरीचा वाटा निम्मा. चित्रकाराच्या हाती सत्तावीस हजार. कॅनव्हास, स्ट्रेचर (कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट), रंग, फ्रेम आणि वाहतूक मिळून चित्रामागे नऊ हजार धरा. वर्षाला बारा चित्रं केली तर खर्च एक लाख आठ हजार. बारांपैकी चार विकली, आणि नव्या चित्रकारासाठी हे वर्ष चांगलंच म्हणायचं, तर हाती आले एक लाख आठ हजार. शिल्लक शून्य, आणि त्यात स्टुडिओचं भाडं धरलेलंच नाही. चित्रं विकली जातात म्हणजे चित्रांवर जगता येतं, हा गैरसमज या बेरजेपुढे टिकत नाही. पहिली दहा वर्षं तरी पोट दुसऱ्या कामावर आणि चित्रांचा पैसा पुन्हा चित्रांत, असंच धरून चालावं.

किमतीबद्दल दोन गोष्टी इथेच. आपल्याकडे चौरस फुटावर भाव लावायची रीत आहे. तिने लहान चित्र मातीमोल होतं आणि मोठं अवाच्या सवा. वरच्या हिशेबाने तीन बाय चारचं साठ हजार, तर एक फूट बाय एक फुटाचं फक्त पाच हजार, ज्याला वेळ मात्र निम्म्याहून जास्त लागलेला असतो. त्यापेक्षा उंची आणि रुंदीची इंचांत बेरीज करून तिला एका दराने गुणावं: छत्तीस अधिक अठ्ठेचाळीस म्हणजे चौऱ्याऐंशी, दर सातशे, झाले अठ्ठावन्न हजार आठशे, आणि बारा अधिक बारा, चोवीस गुणिले सातशे, सोळा हजार आठशे. दुसरी गोष्ट, स्टुडिओतला भाव आणि गॅलरीतला भाव एकच असावा. घरी येणाऱ्याला निम्म्यात दिलं की गॅलरीला ते कळतंच, आणि संबंध तिथेच संपतो. भाव वाढवायचा तर एखाद्या एकल प्रदर्शनानंतर, आठ-दहा टक्के. कमी करता येत नाही हे लक्षात ठेवून.

ते का, याचं उत्तर २००३ ते २००८ या तेजीत आहे. तैयब मेहता यांचं 'सेलिब्रेशन' २००२ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात सुमारे दीड कोटीला गेलं आणि भारतीय चित्रबाजाराला भरतं आलं. गुंतवणूकदार महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांचे कॅनव्हास घाऊक उचलू लागले, दोन-तीन वर्षांत भाव दहापट झाले. २००८ला मंदी आली. लिलावात ज्यांची चित्रं बोलीशिवाय परत गेली, त्यांच्या नावापुढे ती नोंद कायमची राहिली. जुन्या भावाला गिऱ्हाईक नाही आणि उतरवला तर आधीचे संग्राहक दुखावतात, अशी कोंडी झाली. त्या वर्षांत पटकन वर गेलेली किती नावं आज कामात आहेत? जे आज रोज दिसत राहा, भाव चढवा असं सांगतात, त्यांनी आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

सगळ्यात गंभीर आक्षेप तिसराच आहे, आणि तो वादात सहसा कुणी नीट मांडत नाही. समाजाने, सरकारने, संस्थांनी जे करायचं ते एकट्या चित्रकाराच्या डोक्यावर का टाकायचं? पन्नास-साठच्या दशकांत मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये हुसेन, गायतोंडे यांना स्टुडिओ मिळत होते. विणकर सेवा केंद्रांनी बरवे, अंबादास, अर्पिता सिंह अशा कितीतरी चित्रकारांना पगार दिला. आज एखाद्या तरुणाला डोंबिवलीत तिनशे चौरस फूट घेऊन 'स्वतःचं नियोजन कर' असं सांगणं म्हणजे संस्थांच्या अपयशावर पांघरूण घालणं आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. स्टुडिओंसाठी पालिकांच्या रिकाम्या शाळा-गोदामांची मागणी झालीच पाहिजे. पण मागणी करायलाही हाती काहीतरी लागतं, आणि कायद्याने जे आधीच दिलंय ते आपण वापरतो का, हेही विचारलं पाहिजे.

कॉपीराइट कायद्याचं कलम ५३अ बघा. चित्र, रेखाटन किंवा शिल्प पहिल्या विक्रीनंतर पुन्हा दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला विकलं गेलं, तर त्या रकमेत मूळ कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळण्याचा हक्क आहे, जास्तीत जास्त दहा टक्के. ही तरतूद १९९४च्या दुरुस्तीने आली. तीस वर्षं झाली. किती चित्रकारांनी ती वापरली? वसुली करणारी यंत्रणा नाही, हे खरं. पण यंत्रणा उद्या उभी राहिली तरी दावा करायला आधी चित्र आपलं आहे, अमुक साली, अमुक माणसाला, अमुक किमतीला विकलं, याचा कागद लागेल. तो किती जणांकडे आहे? संघटित मागणीचा पायाच नोंदींचा असतो.

याच कायद्यातला दुसरा खड्डा फर्माइशीच्या कामाचा. चित्र विकल्याने कॉपीराइट जात नाही. तो चित्रकाराकडेच राहतो, हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं. मात्र पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र किंवा पोर्ट्रेट केलं, तर कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, पहिला मालक गिऱ्हाईक ठरतो. पुनर्विक्रीचा हक्कही त्यासोबत गेला, कारण तो पहिल्या मालकीवरच टेकलेला आहे. उपाय एका ओळीचा आहे: बिलावर 'कॉपीराइट कलाकाराकडे राहील' असं लिहून गिऱ्हाइकाची सही घेणं. छपाईची परवानगी देताना मुदत आणि प्रदेश लिहावेत. मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण पाच वर्षांचं धरलं जातं. विक्रीनंतरही कामाची नासधूस होऊ न देण्याचा हक्क कलम ५७ देतं. अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकलं गेलं. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते अवशेष त्यांना परत द्यायला लावले, वर पाच लाखांची भरपाई. न्यायालयातला लढा तेरा वर्षं चालला, पण तो लढता आला.

नोंदवहीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच सगळ्यात जास्त आळस होतो. प्रत्येक कामाला पूर्ण झालेल्या दिवशी क्रमांक द्यायचा, साल आणि अनुक्रम: २०२५-०१७. पुढे शीर्षक, माध्यम, कशावर केलं, माप सेंटिमीटरमध्ये आणि उंची आधी, सही कुठे आहे, कोणत्या प्रदर्शनात गेलं, आज कुठे आहे, कुणाकडे, किती रुपयांना. फोटो फ्रेम आणि काचेआधी, ढगाळ उजेडात, रंगपट्टी शेजारी ठेवून. एक समोरून, एक पाठीचा, एक सहीचा. कॅनव्हासच्या पाठीवर मार्करने लिहू नये. त्यातला द्राव काही वर्षांनी पुढे उमटतो. लाकडी स्ट्रेचरवर मऊ पेन्सिलीने क्रमांक, नाव, साल लिहावं. सेलोटेपने चिकटवलेलं लेबल दोन पावसाळ्यांत गळतं. गॅलरीला काम देताना दोन प्रतींत चलन करावं: कामांची यादी क्रमांकांसह, किती महिन्यांसाठी, विमा कुणाचा, सवलतीचा बोजा कुणावर, आणि विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, तीस दिवस हे वाजवी. तोंडी व्यवहारात चित्रं वर्षानुवर्षं अडकून राहतात आणि दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही भांडण होतं.

एवढा खटाटोप कशाला? २००९च्या जानेवारीत सय्यद हैदर रझा दिल्लीत स्वतःच्याच सुरुवातीच्या कामांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेले आणि भिंतींवरची कितीतरी चित्रं नकली असल्याचं त्यांनाच सांगावं लागलं. ते हयात होते म्हणून निदान बोलू शकले. नसरीन मोहमदी यांनी आपल्या कामांना शीर्षकं दिली नाहीत, तारखा घातल्या नाहीत. तो त्यांचा कलाविचार होता आणि त्याचा मान राखायलाच हवा. पण आज त्यांच्या कामाचा क्रम अभ्यासकांना शैलीवरून अदमासाने लावावा लागतो. चित्रावर तारीख नको असेल तर नको. वहीत असायला काय हरकत आहे? बरवे यांच्या रोजनिश्या राहिल्या म्हणून २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात (एनजीएमए) त्यांच्या चित्रांइतकाच त्यांचा विचारही लोकांना पाहता आला.

आपल्या हवेत साठवण हे अर्धं काम आहे. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत कागदावर बुरशी धरते, कॅनव्हास सैल पडतो, स्वस्त एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला तक्ता) कडेने फुगतं. चित्रं जमिनीपासून चार इंच वर, बाहेरच्या भिंतीपासून लांब, उभी आणि तोंडाला तोंड न लावता ठेवायची. मध्ये आम्लरहित कागद. बबलरॅप रंगाला थेट लावलं तर ॲक्रिलिकवर त्याच्या गोळ्यांचे ठसे कायमचे उमटतात, ही चूक पहिल्या प्रदर्शनाच्या घाईत बहुतेक जण करतात. तैलचित्राला वार्निश सहा महिने ते वर्षभर थांबून. ज्यांचं काम व्हिडिओ किंवा इन्स्टॉलेशन आहे त्यांना तर जास्तच दक्षता लागते: दोन ठिकाणी प्रती, दर पाच वर्षांनी नव्या स्वरूपात हस्तांतर, किती प्रतींची आवृत्ती आहे याचा कागद, आणि मांडणी कशी करायची याच्या लेखी सूचना, कुठला दिवा, किती उंचीवर, तो बाजारातून गेला तर बदली काय. हे लिहून ठेवलेलं नसेल तर ते काम चित्रकाराबरोबरच संपतं. शिवाय प्रत्येक मालिकेतलं निदान एक चांगलं काम विकायचं नाही, हा नियम सुरुवातीपासून पाळावा. तीस वर्षांनी सिंहावलोकन करायची वेळ येते तेव्हा सगळं उत्तम काम परक्यांच्या भिंतींवर असतं, आणि त्यातल्या निम्म्यांचे पत्ते हरवलेले.

वेळापत्रकाची गोष्ट जहांगीर आर्ट गॅलरीपासून करावी लागते. १९५२ साली उघडलेल्या या गॅलरीत एका आठवड्यासाठी अर्ज करून काही वर्षं थांबावं लागतं. म्हणजे आज भरलेला अर्ज हा आज काढत असलेल्या चित्रांसाठी नाहीच. जी चित्रं अजून सुचलेली नाहीत त्यांच्यासाठी आहे. इतका लांबचा विचार आपण जागेसाठी करतो, बाकी कशासाठी करत नाही. दोन एकल प्रदर्शनांत दोन-तीन वर्षं जाऊ द्यावीत. खरी कसोटी चाळिशीनंतर येते. तरुणांच्या बहुतेक पुरस्कारांची वयोमर्यादा पस्तिशीच्या आसपास संपते, संग्रहालयांची नजर सत्तरीच्या ज्येष्ठांवर असते, आणि मधल्या तीस-पस्तीस वर्षांत कुणीच विचारत नाही. चित्रकार गळतो तो इथे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची वरिष्ठ अधिछात्रवृत्ती चाळीस वर्षांवरच्यांसाठी आहे, दोन वर्षं दरमहा वीस हजार. ती आपल्याकडच्या किती जणांना ठाऊक आहे? या काळासाठी निदान दोन वर्षांच्या घरखर्चाची शिल्लक चाळिशीपूर्वी बाजूला काढून ठेवली पाहिजे.

स्त्री-चित्रकारांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी आधी, तिशीच्या सुमारास येतो. वर्गात मुली निम्म्या किंवा जास्त असतात आणि पंधरा वर्षांनी प्रदर्शनांच्या यादीत त्यांची संख्या ओसरलेली असते. बाळंतपण, घर, सासू-सासऱ्यांचं आजारपण यांत काम बंद पडतं ते बहुतेकदा जागा जाते म्हणून: स्टुडिओची खोली मुलाची होते. त्या वर्षांसाठी माध्यम आणि आकार बदलणं, टर्पेंटाइन टाळून कागदावर, तासाभराच्या तुकड्यांत थांबवता येईल असं काम आखणं शक्य असतं. पण खोली द्यायची की नाही हा निर्णय घरातल्या सगळ्यांचा आहे, आणि नियोजनाची सगळी भाषणं तिच्याच वाट्याला येऊ नयेत.

राहिला मृत्यूनंतरचा प्रश्न, ज्याबद्दल बोलणं अशुभ मानलं जातं. मृत्युपत्रात चित्रांची मालकी आणि कॉपीराइट यांचा वेगवेगळा उल्लेख हवा. दोन्ही एकाच माणसाकडे जावेत असं नाही. फ्लॅट तीन वारसांत वाटला जातो, पण दीडशे कॅनव्हास कोण ठेवणार? कुठली कामं संग्रहालयाला द्यायची, कुठली विकायची, कुठली नष्ट करायची हे जिवंतपणी लिहिलं तर मुलांवर तो निर्णय पडत नाही. नागपूर, कोल्हापूर, पुणे, पणजी, प्रत्येक शहरात असे साठे बंद खोल्यांत पडून आहेत, आणि ज्यांना वारस नाहीत त्यांच्या कामाला सध्या कुठेच थारा नाही.

म्हणून अभ्यासक्रमाच्या वादात माझी मागणी साधी आहे. 'ब्रँडिंग' शिकवू नका. शेवटच्या वर्षी तीस तास द्या: दहा नोंदी, छायाचित्रण आणि साठवणीला, दहा करार आणि कॉपीराइटला, दहा हिशेबाला. अंतिम परीक्षेत चित्रांसोबत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंदवही तपासा. आणि कला संचालनालयाने राज्यातल्या दिवंगत चित्रकारांच्या नोंदवह्या, पत्रं आणि वारसांकडचे साठे यांच्यासाठी एक कोरडी, हवेशीर, कुलूपबंद जागा उभारावी. तिची सुरुवात पुढच्या पावसाळ्याआधी व्हावी.